व्हॅलेन्सियात करपलेली खिचडी

व्हॅलेन्सियाला आम्ही गेलो, कारण बार्सिलोना परवडत नव्हतं. परत आल्यापासून लोक विचारतात, "व्हॅलेन्सियाच का?" तेव्हा प्रसाद, म्हणजे माझा नवरा, डोळे किंचित मिटून "गर्दी नाही हो, खरं स्पेन तिथेच" असं काहीतरी सांगतो. खरं कारण वरच्या वाक्यात आहे.

न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहायला लागल्यापासून आमची सुट्टी म्हणजे इंडिया. पुण्यात सासर, नागपुरात माहेर, आणि दोन्हीकडे जेवायची आमंत्रणं. यंदा ग्रीन कार्ड आलं आणि मी जाहीर केलं की आता एकदा तरी अशा गावी जायचं, जिथे आपला एकही नातेवाईक नाही. प्रसादला कल्पना आवडली. त्याने त्याच रात्री लॅपटॉप उघडला आणि पुढचे कित्येक आठवडे तो मिटला नाही. विमान कोणत्या वारी स्वस्त, विमानतळावरून मेट्रो की बस, कोणतं म्युझियम कधी फुकट, सगळं त्याने रंगीत चौकटींमध्ये भरलं. फुकट असेल ते हिरवं. आमचा प्रवास कागदावर एखाद्या शेतासारखा दिसत होता.

स्वस्त तिकिटावर प्रत्येकाला एकच पाठपिशवी नेता येत होती. राहायला गावाच्या एका बाजूला तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. जेवण एक वेळ बाहेर, एक वेळ घरी. म्हणून माझ्या पिशवीत कपड्यांच्या जोडीला मुगाची डाळ, हळद, हिंग आणि मोहरी.

"आणि गाइड?" मी विचारलं.

"गाइड कशाला? ईरा आहे ना!"

ईरा आमची मुलगी, अकरावीतली. शाळेत सहावीपासून स्पॅनिश शिकतेय. प्रसादच्या हिशेबात ती हिरव्या रंगात होती. पण त्याच आठवड्यात ईराच्या मैत्रिणींचं स्प्रिंग ब्रेकला फ्लोरिडाला जायचं ठरलं होतं, आणि प्रसादने त्याला साफ नकार दिला होता. "चार पोरी, एक गाडी, आणि मोठं माणूस कोणी नाही? अजिबात नाही." त्यामुळे व्हॅलेन्सियाचं नाव काढल्यावर ईराने वर पाहिलंसुद्धा नाही.

"आय ॲम नॉट युअर ट्रान्स्लेटर, बाबा. आय ॲम युअर हॉस्टेज."

आम्हाला वाटलं, पोर चिडलीय, तिथे जाऊन निवळेल. तिने मात्र शब्द पाळायचं ठरवलं होतं.

गुरुवार

विमान, मेट्रो आणि जिने यांच्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगते की तिसरा मजला म्हणजे आपला चौथा. स्पेनमध्ये पहिला मजला मोजायला सुरुवात कुठून करतात हे अजून मला कळलेलं नाही, पण माझ्या गुडघ्यांना कळलं.

पहिलं हिरवं ठिकाण होतं जलन्यायालय. व्हॅलेन्सियाच्या आसपासच्या शेतकऱ्यांचं पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, तर दर गुरुवारी दुपारी बाराला मोठ्या चर्चच्या दारात त्याचा निवाडा होतो. शेकडो वर्षं चालत आलेली पद्धत, वकील नाही, कागद नाही, आणि बघायला तिकीट नाही. विदर्भातल्या माणसाला पाण्याच्या भांडणाचं काय कौतुक, पण मलाही उत्सुकता होती. आम्ही तासभर आधी जाऊन पुढची जागा धरली. उन्हात उभं राहून प्रसाद येणाऱ्या-जाणाऱ्याला हसतमुखाने "होला!" म्हणत होता.

ईरा फोनमध्ये बघत पुटपुटली, "इट्स ओला. द एच इज सायलेंट."

"ओला?" प्रसाद खूश झाला. "म्हणजे भिजलेला?" आणि त्यानंतर तो सगळ्यांना "ओला, ओला" म्हणत सुटला. मी कोरडीच उभी होते.

बाराचे टोल पडले. काळे अंगरखे घातलेले शेतकरी आले, गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. एका माणसाने उभं राहून एकेका कालव्याचं नाव पुकारलं, तक्रार आहे का विचारलं. कोणी पुढे आलं नाही. शेवटचं नाव झालं, मंडळी उठली आणि निघून गेली.

"संपलं?" मी विचारलं.

"भांडणच नव्हतं ना," प्रसाद म्हणाला. "चांगलंच आहे की."

मी आमच्या दोघांच्या मधोमध उभ्या असलेल्या ईराकडे पाहिलं.

शुक्रवार

सकाळी आम्ही नदीत फिरायला गेलो. हे खरं आहे. गावातून वाहणारी नदी एकदा फार मोठा पूर घेऊन आली, तेव्हा या लोकांनी नदी उचलून गावाबाहेर नेली आणि रिकाम्या पात्रात मैलोन् मैल बाग केली. पूल तसेच आहेत, खालून पाण्याऐवजी सायकली जातात. आमच्या नागपूरची नाग नदी मला आठवली आणि मी विषय बदलला.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं! फुलं आणि फळं एकाच फांदीवर, आणि त्या फुलांचा वास असा की चालताना बोलणं थांबावं. फळं खाली पडून वाया चालली होती. नागपूरकर मुलीला हे बघवेना. मी एक संत्रं तोडलं, तिथेच सोललं, आणि समोरून येणाऱ्या दोन बायकांनी हात वर करून काहीतरी ओरडायच्या आत अख्खी फोड तोंडात टाकली.

कारल्याच्या रसात कडुनिंब वाटून घातला तर कदाचित त्या चवीच्या जवळपास जाता येईल. ती झाडं शोभेची असतात. गावातला प्रत्येक माणूस हे जाणतो. बायका पोट धरून हसल्या, एकीने मला पर्समधली गोळी दिली, आणि ईराच्या ओठांचा कोपरा दोन दिवसांत पहिल्यांदा हलला.

तोंड गोड करायला आम्ही ओर्चाता प्यायलो. एका छोट्या कंदापासून काढलेलं पांढरं, गार, दाट पेय. प्रसादने एक घोट घेतला आणि म्हणाला, "पीयूषची मावसबहीण." इथपर्यंत दिवस चांगला होता.

दुपारी भूक लागली. प्रसाद जन्माचा शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. एका दुकानाच्या फळ्यावर त्याला 'वेहेताल' असा शब्द दिसला, स्पेलिंग व्हेजिटेबलसारखं, म्हणजे व्हेजिटेबल हे त्याचं त्यालाच समजलं. अभिमानाने त्याने एक लांबलचक पाव मागवला. दोन मोठे घास खाल्ले. तिसऱ्याला थांबला. पाव उघडला. आत लेट्यूस, टोमॅटो, आणि त्याखाली मासा.

नंतर कळलं की तिथे 'वेहेताल' म्हणजे भाज्या घातलेलं सँडविच. भाज्यांशिवाय आणखी काय घातलंय, हे त्या शब्दाच्या अखत्यारीत येत नाही.

"ईरा," मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"ही डिडन्ट आस्क," ईरा म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मला वाटलं, आता स्फोट होणार. प्रसाद उठला, आत जाऊन चूळ भरून आला, आणि खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. "असू दे," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ईराने तिचं खाणं तसंच ठेवलं. पैसे देऊन घेतलेलं अन्न टाकून आम्ही उठलो, आणि प्रसाद त्याबद्दलही काही बोलला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

शनिवार

सकाळी मी मध्यवर्ती बाजारात गेले आणि तिथल्या रंगीत काचांच्या घुमटाखाली उभी राहून व्हॅलेन्सियाचा तांदूळ विकत घेतला. बुटका, गोल दाणा. ठरवलं की आज काही नवीन बघायचं नाही. माझ्या नवऱ्याला त्याच्या पोटाला ओळखीची असलेली खिचडी खाऊ घालायची. दुपारी गॅसवर पातेलं चढलं, हिंगाचा वास घरभर गेला, आणि प्रसादचा चेहरा जरा माणसात आला.

नेमका तेव्हाच त्याचा पायजमा पडला.

तिथे कपडे इमारतीच्या आतल्या चौकात, खिडकीबाहेरच्या दोऱ्यांवर वाळत घालतात. प्रसादचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा निसटून बरोबर खालच्या मजल्यावरच्या दोरीवर जाऊन बसला. तो आणायला प्रसाद दाराबाहेर पडला, दोन पायऱ्या उतरला आणि परत आला.

"ईरा, जरा ये ना. पायजम्याला काय म्हणतात, एवढंच सांग."

"पीहामा," ईरा आतून म्हणाली.

"तूच चल ना. एक मिनिटाचं काम आहे."

ईरा दाराबाहेर आली. "नो."

"अगं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला काय होतं?"

"यू वुडन्ट लेट मी गो टू फ्लोरिडा, पण युअर पायजामाज साठी मी..."

"त्याचा इथे काय संबंध?"

दोघांचा आवाज जिन्यात घुमायला लागला म्हणून मी हातात डाव घेऊन बाहेर आले. "काय बाप्पा, किती भांडाल दोघं! इमारत ऐकतेय," असं मी इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. वाऱ्याची एक झुळूक आली आणि आमच्या मागे दार धाडकन लागलं.

तिथल्या दारांना बाहेरून मूठ फिरत नाही. लागलं की लागलं. चावी आत. तिघांचे फोन आत. ईराचासुद्धा, कारण तो चार्जिंगला होता. आणि गॅसवर खिचडी.

प्रसादच्या कमरेला शर्टाच्या आतून पैसे चोरांपासून जपायचा पट्टा होता, तो झोपतानाही काढत नसे. त्यातून त्याने पार्सिपनीच्या लायब्ररीचं कार्ड काढलं. ते स्पेनला का आणलं होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती. कार्ड दाराच्या फटीत घालून तो खालीवर करू लागला आणि कार्डाचे दोन तुकडे झाले. भिंतीवर कुलूपवाल्यांची स्टिकर्स चिकटवलेली होती, पण फोन कशावरून करणार? दाराखालून हिंगाचा वास येत होता, तो हळूहळू करपल्याचा व्हायला लागला.  परक्याचं घर, जुनी लाकडी इमारत, आणि माझ्या हातात फक्त डाव.

मी वळून पाहिलं तर ईरा नव्हती. ती खाली धावली होती. खालच्या दारावर तिने दोन्ही मुठी आपटल्याचा आवाज आला, तसे आम्हीही जिन्यात उतरलो.

दार उघडलं. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, मोत्यांचे डूल घातलेली बाई, गळ्यात जेवणाचा नॅपकिन, आणि हातावर घडी केलेला प्रसादचा पायजमा. तिला वाटलं, त्यासाठीच आलेत. पायजमा पुढे करून ती हसली.

ईराने एका दमात काहीतरी सांगितलं. बाईने कपाळाला आठ्या घातल्या, वर छताकडे पाहिलं, आत गेली आणि बादली घेऊन आली.

"बादली कशाला?" प्रसाद जिन्यावरून ओरडला. "विझवायला?"

ईराने कपाळावर हात मारला. स्पॅनिशमध्ये चावीला 'यावे' म्हणतात आणि पावसाला 'युविया'. आमच्या मुलीने घाबरून सांगितलं होतं की घराच्या आत पाऊस पडतोय आणि आम्हाला दार उघडता येत नाही.

"नो, नो! यावे! यावे!" ईरा रडवेली झाली आणि मग तिची जीभ सुटली. ते वर्गातलं स्पॅनिश नव्हतं. हात, डोळे, नाक, सगळं वापरून ती बोलत होती. बाईने हवेत नाक वर केलं, वास घेतला, आणि "आय!" असा उद्गार काढून पुन्हा आत पळाली. येताना तिच्या हातात एक मोठी काळी फिल्म होती. एक्स-रे.

तिचं नाव आंपारो. इन्कमटॅक्स खात्यातून निवृत्त. लोकांची दारं उघडायला लावायची सवय तिथलीच असणार. तिने प्रसादला बाजूला सारलं, फिल्म दाराच्या फटीत वरून सरकवली, खांदा दाराला लावला, फिल्म झटक्यात खाली ओढली आणि दार उघडलं. प्रसादचं तोंडही.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. घरात धूर, पातेल्याच्या तळाशी काळं. पण घर शाबूत होतं. मी खाली बसले आणि हसू की रडू ते न कळून दोन्ही केलं. ईरा माझ्या शेजारी जमिनीवर बसली. आंपारो तोवर उभ्या-उभ्या बोलतच होती, आणि कोणीही न सांगता ईरा आम्हाला अर्थ सांगायला लागली होती.

"ती म्हणतेय, हा तिच्या नवऱ्याच्या चेस्टचा एक्स-रे आहे. विसेंते. ही पास्ड अवे. ती म्हणतेय, आयुष्यभर एक काम टायमावर केलं नाही त्याने. आता गेल्यावर अख्ख्या बिल्डिंगची दारं उघडतो."

आम्ही हसावं की नाही, हे न कळून एकमेकांकडे पाहिलं. आंपारोच आधी हसली. मग तिने माझ्या हातातला डाव घेतला, पातेल्यात वाकून पाहिलं, आणि मी "अहो नको, जळलंय" म्हणेपर्यंत तळाची खरवड काढून तोंडात टाकली. चघळली. डोळे मोठे केले.

"सोकारात!" ती म्हणाली.

व्हॅलेन्सियात भात शिजवताना तळाशी जी कुरकुरीत खरवड धरते तिला हे नाव आहे, आणि तिच्यासाठी घराघरात मारामाऱ्या होतात. माझ्या खिचडीला ती मुद्दाम धरवली आहे असा आंपारोचा समज झाला. ईरा तो दुरुस्त करायला निघाली होती. मी तिचा हात दाबला.

प्रसादने काळं नसलेली वरची खिचडी ताटलीत घेतली, एक घास खाल्ला आणि ईराला म्हणाला, "थँक यू, बाळा."

"आय शुड हॅव टोल्ड यू," ती म्हणाली. "कालच्या सँडविचचं."

"हो, सांगायला हवं होतंस." मग दुसरा घास घेत, "पण आज तू फ्लोरिडात असतीस तर?"

"तर गाइड नाही म्हणून तुम्ही स्पेनला आलाच नसता, बाबा. अँड यू वुडन्ट हॅव लॉक्ड युअरसेल्व्ज आउट."

त्याने आणखी खिचडी वाढून घेतली.

रविवार

आंपारोने जेवायला बोलावलं. तिच्या स्वयंपाकघरात दोन मोठ्या चपट्या कढया होत्या. एकीत ससा आणि कोंबडी, दुसरीत प्रसादसाठी आर्टिचोक, शेंगा आणि पावट्यांसारखे पांढरे दाणे. दुसरीला ती पाएया, म्हणजे तिथला तो प्रसिद्ध पदार्थ, म्हणायला तयार नव्हती. "तो भात आहे, वस्तू घातलेला," असं ईराने भाषांतर केलं. केशर घातलं, तांदूळ पसरला, आणि मग तिने ढवळलंच नाही. माझे हात शिवशिवले. न राहवून मी चमचा पुढे केला, तर तिने सरळ माझ्या हातावर चापट मारली. सासूबाईंनीही कधी मारली नव्हती. भात झाला तेव्हा तो इतका मोकळा आणि चवीचा होता की मी ती चापट मान्य केली.

ईरा आमच्या दोघींच्या मधे बसून दोन्हीकडचं बोलत होती. केशर किती, मीठ कधी, नागपूर कुठे, मी नोकरी काय करते, प्रसाद एवढा बारीक का. मधेच एखादा शब्द अडला की आंपारो तो हाताने करून दाखवायची. ईरा हसताना मागे रेलत होती. चार दिवसांत पहिल्यांदा मला ती तशी दिसली.

निरोपाच्या वेळी प्रसादला स्वतः बोलायचं होतं. ईराने त्याला एक वाक्य शिकवलं होतं आणि जेवताना तो ते ओठांतल्या ओठांत घोकत होता. दारात उभं राहून, हात जोडून, त्याने ते म्हटलं. अर्थ असा, की तुम्ही आमच्याकडे न्यू जर्सीला जरूर या.

आता आपल्यात हे वाक्य कसं असतं? "या एकदा जेवायला" म्हणायचं, समोरच्याने "हो, येऊ ना" म्हणायचं, आणि दोघांनी सुखाने आपापल्या घरी जायचं. आंपारो आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. तिने सप्टेंबरचं पान उघडलं, मग ऑक्टोबरचं, आणि कोणता महिना, असं प्रसादला खुणेने विचारलं.

"बाबा," ईरा हळूच म्हणाली, "शी इज सीरियस."

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. कढईएवढे मोठे होत चाललेले त्याच्या डोळ्यांतले आकडे मला दिसत होते. मग त्याने ईराकडे पाहिलं.

"मग मी काय जोक करत होतो का?" तो म्हणाला, आणि ऑक्टोबरवर बोट ठेवलं. "पानं रंगतात तेव्हा यायला सांग. छान दिसतं."

पार्सिपनी, घरी

गेल्या आठवड्यात आंपारोचं तिकीट निघालं. आयुष्यात ती विमानात बसलेली नाही. दर दोन दिवसांनी ती ईराला फोन करते. थंडी किती, तांदूळ मिळतो का, स्वेटर किती आणू. ईरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तिच्याशी बोलते, आणि मी पोळ्या लाटता लाटता मधेमधे "विचार, तिखट चालतं का," असं म्हणते.

प्रसादने पुन्हा लॅपटॉप उघडलाय. न्यू जर्सीत फुकट काय काय बघता येतं, ते तो शोधतोय.

आमच्याकडे पाहुण्यांची खोली नाही. परवा जेवताना मी म्हटलं, हॉलमध्ये गादी घालू, पण तिच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठता येईल का? की बेड विकत घ्यावा? प्रसाद हिशेब करायला लागला. ईराच्या खोलीच्या दारावर दोन वर्षं 'आत येऊ नये' असा बोर्ड आहे, त्यामुळे तो पर्याय आमच्यापैकी कोणी काढला नाही.

"माझी रूम दे तिला," ईरा ताटातच बघत म्हणाली. "मी सोफ्यावर झोपते."

ताट धुऊन ती वर गेली. थोड्या वेळाने वरून घरघर आवाज यायला लागला. प्रसादने मान वर केली.

"व्हॅक्यूम कोण करतंय?" तो उठायला लागला. "मी बघून येऊ?"

"बस खाली," मी म्हटलं. "वर जाऊ नकोस. तुला बघून थांबेल ती."